काडी, काचपट्टी आणि दीक्षितपुऱ्याचं हळदीकुंकू

मी भित्री आहे असं आमच्या वसाहतीत कोणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. फॅक्टरीच्या मराठी महिला मंडळाची मी सेक्रेटरी. एकाहत्तर सालचं युद्ध सुरू झालं तेव्हा विमानं आली तर बायकांनी काय करायचं, हे शिकवायचं काम मंडळानं माझ्यावर सोपवलं होतं. पालथं पडायचं, कोपरं जमिनीला टेकवायची, कानांत बोटं घालायची, दातांत रुमाल धरायचा. हे सगळं मी मंडळाच्या सतरंजीवर स्वतः पालथी पडून दाखवत असे. त्याआधी छोटंसं भाषणही करत असे, कारण दातांत रुमाल धरल्यावर भाषण करता येत नाही. "भगिनींनो, भीती फक्त मनात असते," हे त्यातलं मुख्य वाक्य. एकदा एकीनं विचारलं, "पण वहिनी, जबलपूरपर्यंत येतील का हो विमानं?" मी ताडकन म्हटलं, "सैन्याच्या एवढ्या फॅक्टऱ्या इथे आहेत. इथे नाही येणार तर काय पचमढीला हवा खायला जाणार?" या उत्तरावर टाळ्या पडल्या. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, ती गोष्ट वेगळी.

अशा या बाईला डिस्पेन्सरीतल्या डॉक्टर मीरा वाजपेयींनी एका मंगळवारी सहज सांगितलं, "एक छोटी-सी जाँच करा लेते हैं."

मी गेले होते कंबरदुखीसाठी. पण डॉक्टरीणबाई एकेक प्रश्न विचारत गेल्या आणि मी, खाली मान घालून, दोन पाळ्यांच्या मध्येच कधीकधी डाग दिसतो हेही सांगून बसले. मग त्यांनी समजावलं, की पिशवीच्या तोंडाशी एक लाकडी काडी फिरवायची, तिला जे लागेल ते काचेच्या पट्टीवर पुसायचं आणि ती पट्टी मायक्रोस्कोपखाली बघायची. कापाकापी नाही, टाका नाही, बेशुद्ध करणं नाही. पाळी चालू असताना फक्त यायचं नाही. "इस उमर में तो हर औरत को करानी चाहिए. गुरुवार को बड़े अस्पताल आ जाइए, बारह बजे."

"पर देखना क्या है उसमें?" मी विचारलं.

"यही, कि आगे चलकर कहीं..." एवढं म्हणून त्या थांबल्या आणि चिठ्ठी लिहायला लागल्या. त्यांचं वाक्य मी मनातल्या मनात पुरं केलं. तो शब्द मी तेव्हाही उच्चारला नाही आणि आत्ताही लिहीत नाही. घरी येऊन मी भाताला फोडणी दिली आणि वरणाला द्यायची विसरले.

मोठ्या इस्पितळात जायचं तर चिठ्ठीवर डिस्पेन्सरीचा शिक्का लागतो. शिक्का पुंडलिक नावाच्या कारकुनाकडे. पुंडलिकाची पहिली पंधरा वर्षं मशीन शॉपमध्ये गेलेली, त्यामुळे तो कानात काही सांगत असला तरी गेटवरच्या दरवानाला ऐकू जाई. त्यानं चिठ्ठी उजेडात धरली आणि खिडकीतून विचारलं, "बच्चेदानी के मुँह की जाँच! किसकी है?"

माझ्या मागे खोकल्याचं औषध न्यायला आलेली मोठी रांग होती. त्या रांगेचा खोकला एकदम थांबला.

"आमच्याकडे एक बाई राहतात," मी म्हटलं, "त्यांची."

"नाव तर तुमचंच आहे."

"आमचं नाव एकच आहे," मी म्हटलं आणि शिक्का घेऊन निघाले. ताठ मानेनं निघाले, पण दाराऐवजी ड्रेसिंगच्या खोलीत शिरले आणि तिथून पुन्हा रांगेसमोरूनच बाहेर यावं लागलं.

आता घरचं माणूस. आमचे हे, म्हणजे रत्नाकरराव, फॅक्टरीत तपासणी विभागात. मालाचा नग मापाच्या गेजमध्ये बसतो की नाही ते बघायचं काम. कुठला नग, कुठला माल, हे मला लग्नाला सतरा वर्षं झाली तरी माहीत नाही. गुप्ततेची शपथ घेतलेली असल्यामुळे हे कँटीनमध्ये आज कोणती भाजी होती तेसुद्धा सांगत नसत. युद्ध लागल्यापासून तर बारा-बारा तासांची पाळी. घरी येत ते फक्त जेवायला आणि गप्प बसायला. मी त्यांना ताटावर सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

मग म्हणाले, "तपासायला काढलेला नग खराबच असतो असं नाही. आमच्याकडे रोजचे..." आणि आकडा ओठांवर आल्याबरोबर दचकून गप्प झाले. खिडकीला काळा कागद चिकटवलेला होता, तरी त्यांनी तिकडे एकदा बघून घेतलं. "येऊ का मी बरोबर?" त्यांनी विचारलं. युद्धात रजा मिळत नव्हती हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "छे, एवढंसं तर आहे." आणि मोरीत जाऊन भांडी आपटली.

खरी अडचण पुढेच होती. आमच्या शेजारी सुनेत्राताई. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगानं भरलेल्या, आवाजानं त्याहून. जगात असा आजार नाही, जो सुनेत्राताईंच्या माहितीतल्या बाईला झाला नाही, आणि अशी बाई नाही, जी त्यातून वाचली. मी आपलं लांबून विचारलं, "ताई, माझ्या एका मामेबहिणीला ही असली तपासणी सांगितली आहे. कशी असते हो?"

"अगं बाई!" त्यांनी निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले. "काहून करून राहिली ती? सांग तिला, बिलकुल नको जाऊ म्हणावं. चिमटा तापवून लावतात. पाय बांधून ठेवतात वर. एकदा त्या काचेखाली गेलं का काही ना काही निघतेच बघ. बघतात म्हणून निघते! न बघितलं तर काय निघेल?"

बोलता बोलता ताईंनी निवडलेले तांदूळ खड्यांसकट पुन्हा एकत्र केले. मला वाटलं, माझ्या मामेबहिणीच्या काळजीनं. मला मुळात मामेबहीणच नाही, हे आठवून मला अपराध्यासारखं झालं.

गुरुवार उजाडला, तो नेमका मार्गशीर्षातला. मी लक्ष्मीची मांडणी केली, उपास धरला, आणि मग एक नवीनच काळजी लागली: तपासणीनं उपास मोडतो का? हे कोणाला विचारावं ते कळेना. पोथीत याचा काही उल्लेख नव्हता. तिथे काय नेसून जावं हाही एक प्रश्न होता. शेवटी, इस्पितळातून परत आलेच नाही तर निदान चांगल्या साडीत असावं, असा विचार करून मी जांभळी इरकल नेसले. ही चूक झाली. इरकल नेसून सकाळी दहाला बाहेर पडणारी बाई सुनेत्राताईंच्या दारावरून तशीच जाऊ शकत नाही.

"कुठे गं विनता?"

"हळदीकुंकवाला," माझ्या तोंडून गेलं.

"सकाळी?"

"संध्याकाळी ब्लॅकआऊट ना. म्हणून सकाळीच ठेवलंय." उत्तर इतकं चोख आलं, की मी स्वतःवरच खूश झाले आणि त्या खुशीत पुढचं वाक्य बोलून गेले. "दीक्षितपुऱ्यात. विभावरीबाईंकडे."

ही त्याहून मोठी चूक. दीक्षितपुऱ्यातली ती जुनी मराठी घराणी भोसल्यांच्या चाकरीत कधीकाळी इकडे आलेली. आम्हा फॅक्टरीवाल्यांना ती आपल्यातलं मानत नसत आणि म्हणून त्यांच्याकडच्या हळदीकुंकवासाठी आम्ही जीव टाकत असू. विभावरीबाईंची आणि माझी ओळख जवानांसाठी स्वेटर गोळा करायला गेले तेवढीच. सुनेत्राताई म्हणाल्या, "थांब, मी पण येते. सवाष्णीला काय, निरोप लागतो का? आणि लढाईच्या दिवसांत एकटी काहून जाऊन राहिली?" पाचच मिनिटांत त्या हिरवा शालू नेसून, समोरच्या जयालाही घेऊन आल्या. जया नवीनच लग्न होऊन आलेली, तिला जबलपूर बघायचंच होतं.

मी सायकलरिक्षात मध्ये. दोन्ही बाजूंनी दोघी. गोहलपूरच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा मी मनात म्हटलं, उतरावं आणि पळावं. पण सुनेत्राताईंचा शालू माझ्या मांडीवरून पलीकडे गेलेला होता.

विभावरीबाईंनी दार उघडलं. अंगावर घरातलं पातळ, हाताला पीठ. समोर तीन नटलेल्या सवाष्णी. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहिलं. पण गुरुवारी दारात आलेल्या सवाष्णीला "का आलात" असं विचारायची त्या घराची रीत नव्हती. "या, या," त्या म्हणाल्या, आणि आत वळून सुनेवर दबक्या आवाजात ओरडल्या, "अगं, आपण बोलावलं होतं आणि मीच विसरले वाटतं! म्हातारी झाले बाई!" पाट मांडले गेले. हळदीकुंकू झालं. कुठूनतरी खण आले, तांदूळ आले, नारळ आले. आमच्या तिघींच्या ओट्या भरल्या. सुनेत्राताई भिंतीवरच्या हंड्या-झुंबरांकडे बघून मला कोपरखळ्या मारत होत्या. मसाल्याचं दूध आटवायला ठेवलंय, घेतल्याशिवाय जायचं नाही, असा हुकूम सुटला.

घड्याळात साडेअकरा झाले. दुधाला उकळी येईना. मी नारळ घट्ट धरून बसले होते. एकाएकी माझ्या मनात आलं, की त्या काडीला जे लागायचं ते माझ्या आत आत्ता, या क्षणी आहे किंवा नाही, आणि मी इथे दुधाची वाट बघत बसले आहे. मग माझी मुलगी मनीषा डोळ्यांपुढे आली. तिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही. आणि मी भर पाटावर रडायला लागले. मंडळाची सेक्रेटरी, ओटीत नारळ घेऊन, हुंदके देऊन.

सगळं सांगितलं. हळदीकुंकू नव्हतंच, हेही सांगितलं. मला वाटलं, आता या बाई ओटी परत मागतात.

"मग इथे काय बसून राहिलीस?" विभावरीबाई म्हणाल्या. "उठ!" आणि त्यांनी हाक मारली, "अहो, मोटार काढा!"

विभावरीबाईंच्या यजमानांची, भय्यासाहेबांची, मोटार जुनी आणि ब्लॅकआऊटसाठी तिच्या दिव्यांना अर्ध्यावर काळा रंग फासलेला. ते सभ्य गृहस्थ वाटभर विचारत होते, "आजारी कोण आहे पण?" आणि जया आणि मी एका सुरात म्हणत होतो, "कोणी नाही." सुनेत्राताई माझ्यावर रागावतील असं मला वाटलं होतं. पण एवढी आयती संधी असून त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

इस्पितळात नर्सनं आम्हाला बघितलं. तीन शालू-साड्या, तीन भरलेल्या ओट्या, कपाळभर कुंकू. "डिलिवरी किसकी है?" तिनं विचारलं.

ओटी खाली ठेवायची नसते, म्हणून माझी ओटी मी जयाच्या पदरात दिली आणि आत गेले. सुनेत्राताई पडद्यापर्यंत आल्या. आत एक उंच टेबल, एक दिवा आणि तबकात झाकून ठेवलेलं काहीतरी. त्या झाकलेल्याची मला जितकी भीती वाटली तितकी अख्ख्या पाकिस्तानी वायुसेनेची वाटली नव्हती. नर्सनं साडी सोडायला लावली, अंगावर चादर दिली आणि म्हणाली, "लेट जाइए."

हे दोन शब्द ऐकले आणि माझं डोकं चालायचं बंद झालं. जे अंगवळणी पडलं होतं तेच शरीरानं केलं. डॉक्टर मीरा हात धुऊन वळल्या तेव्हा मी टेबलावर पालथी, कोपरं टेकवून, कानांत बोटं घालून, चादरीचं टोक दातांत धरून निपचित पडले होते.

"अरे!" त्या म्हणाल्या. "विनताजी, बम नहीं गिर रहा. सीधी हो जाइए."

मला ऐकू आलं नाही, कारण कानांत बोटं होती. शेवटी दोघींनी मिळून मला उलथलं. एवढा अपमान माझा पुंडलिकाच्या खिडकीशीही झाला नव्हता.

मग त्यांनी सांगितलं तसं केलं. पाठीवर पडायचं, गुडघे मुडपायचे, ते बाजूला सोडायचे. "लंबी साँस लीजिए. शरीर ढीला छोड़िए, कसेंगी तो ज़्यादा चुभेगा." पहिल्यांदा एक लोखंडी चमच्यासारखं काहीतरी आत गेलं. गार लागलं. दाब आला, ओढल्यासारखं झालं. दुखलं असं म्हणता येणार नाही, पण बरं वाटलं असंही मी म्हणणार नाही. आणि नेमका त्याच वेळी बाहेर भोंगा सुरू झाला. वर-खाली, वर-खाली. विमानांचा.

पॅसेजमध्ये पळापळ सुरू झाली. नर्स टेबलाखाली गेली. मी म्हटलं, "डॉक्टर!"

"हिलिए मत," डॉक्टर मीरा म्हणाल्या. त्या जागच्या हलल्या नव्हत्या. "जब तक ये बंद होगा, तब तक हम निपट जाएँगे." त्यांनी ती काडी घेतली. आइस्क्रीमची असते तशी, फक्त टोकाला कापलेली. आत काहीतरी खरवडल्यासारखं, गुदगुल्या आणि पोटात कळ यांच्या मधलं काहीतरी झालं. काडी बाहेर आली, काचेवर पुसली गेली, काच स्पिरिटच्या बरणीत गेली. लोखंड निघालं. बाहेर भोंगा अजून वाजतच होता.

"हो गया," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"जाँच. एक-दो दिन हल्का-सा दाग लगे तो घबराइएगा नहीं."

एवढ्यासाठी मी दोन दिवस अर्धमेली झाले होते. मी इतकी हसायला लागले की टेबलाखालची नर्स घाबरली. भोंगा नुसता सरावाचा होता, हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी पडदा सारला तर सुनेत्राताई भिंतीला टेकून उभ्या. "आप भी करा लीजिए ना," डॉक्टर त्यांना म्हणाल्या. "आ ही गई हैं."

"हमको? हमको क्या हुआ है?" ताई म्हणाल्या आणि इतक्या झटक्यात वळल्या, की ओटीतला त्यांचा नारळ घरंगळत वॉर्डाच्या दारापर्यंत गेला. त्या तो उचलायलाही थांबल्या नाहीत.

रिपोर्टाची वाट बघायचे दिवस मात्र हसण्यासारखे नव्हते. काच बघणारे डॉक्टर सैन्याच्या इस्पितळात गुंतले होते. संध्याकाळी दिवे झाकायचे आणि अंधारात बसायचं. वसाहतीतल्या सगळ्यांना विमानांची भीती, आणि माझी भीती माझ्याच पोटात बसलेली. ती कुठल्या दिशेनं येईल हे सांगणारा भोंगा नव्हता. मी मनीषाला वेणी घालायला शिकवलं. "आत्ताच कशाला मम्मी?" ती म्हणाली. "मुझे आता ही नहीं." मी तिच्यावर ओरडले आणि मग तिच्या मागे बसून, तिला दिसणार नाही अशी रडले. हे रोज कामावरून आल्यावर माझ्याकडे एकदा बघत आणि काही विचारत नसत. एकदा मात्र त्यांनी मीठ कुठे असतं ते विचारून घेतलं. त्यांनीही तयारी चालवली आहे हे मला कळलं आणि मी ओट्याला धरून उभी राहिले.

युद्ध संपलं. दिवे लागले. त्यानंतरच्या मंगळवारी डॉक्टर मीरांनी मला डिस्पेन्सरीत बोलावलं. "सूजन है. गोलियाँ लिख रही हूँ. वो बात नहीं है."

"नक्की?"

"नक्की."

"पट्टी माझीच होती ना?"

त्यांनी मला गोळ्या देऊन बाहेर काढलं. यांना मी गेटवरच गाठलं आणि सांगितलं. हे सगळ्या शिफ्टसमोर, रस्त्यात, माझा हात धरून म्हणाले, "आज कँटीनमध्ये दोडका होता."

संध्याकाळी मंडळाच्या बायका घरी आल्या. गोष्ट जयानं सगळीकडे केली होती, त्यामुळे मी पालथी कशी पडले ते पुन्हा करून दाखवावं लागलं. भरपूर हसल्या. एकेक जण जाताना मात्र दारात थांबून हळूच विचारी, "खरंच दुखत नाही?" शेवटी सुनेत्राताई तेवढ्या उरल्या. त्या माझ्या खिडकीचा काळा कागद नखानं खरवडून काढत बसल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं.

"विनता," त्या म्हणाल्या, तोंड खिडकीकडेच. "माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली. तुला माहीत आहे."

"हो ताई."

"दिवाळीपासून पुन्हा दिसून राहिलं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. भीती फक्त मनात असते, हे वाक्य तयार होतं. ते माझ्यानं बोलवलं नाही.

"मला लई भीती वाटून राहिली गं," त्या म्हणाल्या.

गुरुवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी मी त्यांना घेऊन गेले. या वेळी पडद्याच्या आत मी होते आणि त्यांचा हात माझ्या हातात होता. डॉक्टर मीरा सुरुवातीला गप्पा मारत होत्या. मग त्यांनी दिवा जवळ ओढला आणि त्या बोलायच्या थांबल्या. काडीनंतर त्यांनी आणखी एक हत्यार मागितलं. सुनेत्राताईंची नखं माझ्या तळहातात रुतली.

बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाल्या, "एक टुकड़ा जाँच को भेजा है. लगता है अभी शुरुआत है. छह महीने बाद लातीं, तो मेरे हाथ में कुछ नहीं रहता."

ताई बाकावर बसल्या होत्या. पदर डोक्यावरून घेतलेला, पाय एकावर एक. सगळ्या आजारांची माहिती असलेल्या या बाईनं माझ्याकडे मान वर करून बघितलं आणि विचारलं, "म्हणजे काय गं?"

आणि मी काय सांगते त्याची वाट बघत राहिल्या.

"म्हणजे उपाय आहे, ताई," मी म्हटलं, आणि त्यांच्याजवळ बसले.